रोज वाढणारं वावर

चौथ्या दिवशी माझं वावर सात गुंठ्यांनी वाढलं होतं.

पहिल्या दिवशी ते अकरा एकर चोवीस गुंठे भरलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस गुंठे. तिसऱ्या दिवशी एकोणतीस. चौथ्या दिवशी मी बाभळीखाली बसून बेरीज केली, ती एकतीस आली. पुन्हा केली. पुन्हा एकतीस. धुरे, म्हणजे शेताचे बांध, जागच्या जागी होते आणि चारही कोपऱ्यांच्या दगडांना मी स्वतःच्या हाताने चुना लावलेला होता. माणूस खाऊन-पिऊन अंगाने भरतो, हे मी पाहिलं होतं. जमीन कशाने भरते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी सर्व्हे खात्यात कायम झालो नव्हतो. अकोल्याला मोजणीचा क्लास निघाला होता, त्यात मी शिकत होतो. वय तेवीस, बायको एकोणीस वर्षांची आणि मुलगी आठ महिन्यांची. क्लासातली बाकीची मंडळी बहुतेक सडीफटिंग. ती रात्री गणितं सोडवायची. मी पहाटे सोडवायचो, डाव्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधून. पाय हलवला की झोळी हलायची आणि मुलगी झोपायची. भागाकार अडला की पाय थांबायचा, मग ती रडायची. माझी भागाकाराची गती तिनेच वाढवली, असं मी आजही म्हणतो.

मुलीचं नाव धोंडी. असलं नाव कोणी हौसेने ठेवत नाही. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली की तिसऱ्याला असं नाव ठेवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे दगडधोंडा समजून कोणाची नजर जात नाही. आमची पहिली दोन दर्यापूरकडच्या आमच्या घरी गेली, एकाच खोलीत. म्हणून माझी बायको गोदा त्या घरात परत पाऊल टाकायला तयार नव्हती. वडलांना हे पटत नव्हतं. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांमागे गाड्या लागत होत्या. वडील म्हणाले, "वावरात सोनं पिकून राहिलं अन् हा दुसऱ्याच्या वावरात साखळी ओढाले चालला. नापास झाला तं इथंच येशील ना?"

तर गोष्ट एवढीच होती. मी पास झालो तर सरकारी नोकरी आणि नेमणुकीच्या गावी बिऱ्हाड. नापास झालो तर दर्यापूर, ते घर आणि ती खोली. गोदाने मला एकदाही 'पास व्हा' म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

शेवटची टेस्ट पातूरच्या वाटेवरच्या एका गावात होती. गावाबाहेर आमचा कॅम्प पडला. गोदाने पाच जणांच्या भाकरी थापायचं कबूल केलं, म्हणून तिला कॅम्पात राहू दिलं. प्रत्येकाला एकेक शेत वाटून दिलं होतं. आमच्या मास्तरांनी ती सगळी शेतं आधीच मोजून आकडे स्वतःजवळ ठेवले होते. चार दिवस मोजायचं आणि पाचव्या दिवशी क्षेत्र सांगायचं. नियम एकच, पण कडक: फील्डबुकात दोन स्वतंत्र मोजण्या जुळल्याशिवाय आकडा द्यायचा नाही.

चेन म्हणजे काय ते सांगतो. जमीन मोजायची लोखंडी साखळी, तेहतीस फूट लांब. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. या साखळीच्या लांब कड्या एकमेकींना थेट अडकवलेल्या नसतात. दोन कड्यांच्या मधे इंच इंच लांबीच्या तीन लहान रिंगा असतात. साखळी ओढून ओढून या रिंगा ताणतात किंवा निखळतात. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी चेन तपासायची. मास्तरांनी कॅम्पाशेजारी बरोबर तेहतीस फुटांवर दोन दगड रोवले होते. त्यांच्या मधे चेन लावून पाहायची आणि फील्डबुकात 'चेन तपासली' या रकान्यात खूण करायची.

मी खूण करत होतो, चेन तपासत नव्हतो. सकाळी गोदा चुलीपाशी असायची आणि धोंडी माझ्याजवळ. कॅम्पात आलो तेव्हापासून तिच्या अंगात ताप होता. तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायचं, की दगडांपाशी वाकून चेन पाहायची? लोखंड काय एका रात्रीत आटतं, असं म्हणून मी खूण करून मोकळा व्हायचो.

माझ्या चेनचं पुढचं टोक बाबूमिया धरायचे. अकोल्याचे वयस्कर गृहस्थ, सर्व्हेच्या मोजणीदारांबरोबर दोन-तीन तालुके पालथे घातलेले. पहिल्याच दिवशी वावराच्या उत्तर धुऱ्याला पोहोचल्यावर ते थांबले.

"महादू बेटा," ते म्हणाले, "हे पाहून राहिला का तू?"

वावरातला कापूस कधीच वेचून झाला होता, पऱ्हाटी नुसती काटक्यांची उभी होती. पण उत्तर धुऱ्यालगतचा पाच-सहा ओळींचा पट्टा पांढराशुभ्र होता. बोंडं फुटून लोंबत होती. कोणी हात लावलेला नव्हता. त्या सालात रस्त्यावर सांडलेला कापूस लोक वाकून वेचून नेत होते.

"काहून नाही वेचला?" मी विचारलं.

"ही लेकरं पुरायची जागा व्हय," बाबूमिया म्हणाले. "पाटलानं औंदा नांगरून टाकली. कापसाचा भाव पाहून. बाया वेचाले तयार नाईत. मजुरी दुप्पट देतो म्हने, तरी नाई."

लहान मुलांना आपण जाळत नाही, पुरतो. वर दगड ठेवतो, बाभळीचे काटे लावतो. ते दगड धुऱ्यावर नीट रास करून ठेवलेले होते. मी ते पाहिले आणि फील्डबुकात मान घातली. मला त्या जागेत उभं राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन गुंठे वाढले तेव्हा मी स्वतःला दोष दिला. तिसऱ्या दिवशी पाच वाढले तेव्हा बाबूमियांनी चेनचं टोक खाली ठेवलं.

"हे वावर ठीक नाई बेटा. त्या पट्ट्यात आलो का साखळी जड होते. कोन धरून ओढते जसं."

"पऱ्हाटीत अडकते, बाबूमिया."

"बरं. अडकते म्हन."

खरं सांगायचं तर मलाही ते जाणवलं होतं. साखळी काटक्यांत अडकली की हिसका बसतो आणि सुटते. तिथे हिसका बसत नव्हता. हळूच धरल्यासारखी व्हायची आणि हळूच सुटायची.

त्या दुपारी ऊन टळेपर्यंत मी बाभळीखाली हिशेब करत बसलो होतो. धोंडीची झोळी फांदीला आणि दोरी माझ्या अंगठ्याला. तिचा ताप आदल्या दिवसापासून उतरला होता, ती शांत झोपली होती. गोदा गावात पाण्याला गेलेली. एका त्रिकोणाचं क्षेत्र जुळेना, म्हणून मी त्यात गुंतलो. किती वेळ गेला माहीत नाही. एकदम लक्षात आलं की आपला पाय थांबलेला आहे. मांडी घालून बसलो होतो मी. दोरी सैल पडली होती. पण झोळी हलत होती.

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. झोळी एका लयीत जात होती आणि येत होती, कोणी तरी सवयीने झोका द्यावा तशी. मी मोजलं. मोजणारा माणूस दुसरं काय करणार? सतरा झोके झाले. मग मी उठून मुलीला उचललं आणि झोळी थांबली. धोंडी झोपेत हसत होती. मला मात्र इतकी भीती वाटली की मी तिला तसाच घट्ट धरून कॅम्पापर्यंत चालत गेलो. फील्डबुक तिथेच राहिलं, ते बाबूमियांनी आणून दिलं.

चौथ्या दिवशी एकतीस गुंठे. इथपर्यंत मी सांगितलंच आहे. सोबत्यांपैकी एक जण म्हणाला, "अरे, पहिलाच आकडा पुन्हा लिही. कोण पाहतं?" मी लेखणी उचललीही होती. पण पहिला आकडा खरा की चौथा, हेच मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात धोंडीने झोळी ओली केली. गोदा दूर होती, म्हणून मी तिचं फडकं बदलायला घेतलं. तिच्या कमरेला काळा दोरा होता, तो नेहमीचाच. त्यात एक लोखंडी रिंग ओवलेली होती. इंचभर, लांबट, आतून घासून गुळगुळीत झालेली. ती रिंग ओळखायला मला परीक्षेची गरज नव्हती.

मी चेन उचलली आणि मास्तरांच्या दगडांपाशी गेलो. एक टोक दगडावर धरलं आणि दुसरं ताणलं. चेन तीन इंच कमी भरली. तीन ठिकाणी दोन कड्यांच्या मधे तीनऐवजी दोनच रिंगा होत्या, लोहाराने सफाईने जोडलेल्या. चेन आखूड झाली की ती जास्त वेळा टाकावी लागते आणि वावर मोठं भरतं. रोज एक इंच. माझ्या सात गुंठ्यांचा उलगडा झाला. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला.

गोदा पाण्याचा हंडा घेऊन आली. मी रिंग दाखवली. ती घाबरली नाही.

"त्या रिंगनं ताप उतरला," ती म्हणाली. "सात गावच्या जमिनीवरून फिरलेलं लोखंड लेकराले बांधलं का काई लागत नाई. माही आजी सांगे. लोहाराले म्हटलं, सरकारी साखळी दुरुस्त करून दे."

"मले विचारता नाही आलं?"

"तुमाले विचारलं असतं तं तुमी देली असती?"

दिली नसती. मी विषय बदलला. "एक हिच्या कमरेला आहे. बाकीच्या दोन कुठं आहेत?"

तिने उत्तरेकडे पाहिलं. "तिथं ठेवल्या. धुऱ्यावर जे दोन दगड एकटे हायेत त्याहीच्या पायथ्याशी. आपलं एकटं लेकरू लोखंड घालून फिरते अन् ते तसेच. मले बरं नाई वाटलं."

मला ओरडायचं होतं. चार दिवस मी वेड्यासारखा बेरजा करत होतो, आणि ही दुपारी चेन घेऊन लोहाराकडे जात होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तिचा आवाज अगदी साधा होता. आमची दोन मुलं दर्यापूरला पुरली, तिकडे ती कधी जाऊ शकली नव्हती. मी चेन आणि फील्डबुक घेऊन मास्तरांच्या तंबूत गेलो आणि सगळं सांगितलं. खोट्या खुणांसकट.

मास्तर पुण्याकडचे, पगडीचं टोकही न हलवता बोलणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "महादेव, म्हणजे तीन दिवस तुम्ही न तपासता खूण केलीत?"

"चार दिवस. पहिल्या दिवशी चेन नशिबाने बरोबर होती."

"आता काय करणार?"

"चेन किती कमी आहे ते कळलं आहे, तर आजचं क्षेत्र दुरुस्त करता येईल. पूर्ण चेनच्या आणि आखूड चेनच्या लांबीचं प्रमाण दोनदा लावायचं, एकदा लांबीला, एकदा रुंदीला."

"करा."

मी तिथेच केलं. अकरा एकर चोवीस गुंठे. पहिल्या दिवसाचा आकडा आणि चौथ्या दिवसाचा आकडा जुळला. मास्तरांनी स्वतःची वही उघडली, पाहिलं आणि मिटली. आकडा काय होता ते सांगितलं नाही.

"हिशेब ठीक आहे. पण ही चेन सरकारी आहे. रिंगा आणल्याशिवाय मी तुमचा कागद पुढे पाठवणार नाही. मुलीची रिंग राहू द्या, तिला ताप होता म्हणता. उरलेल्या दोन उद्या आणा."

"मी तिथे उकरणार नाही, मास्तर."

"का?"

"मला भीती वाटते."

असं साहेबाला सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. "ठीक आहे. मग मी उकरतो," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही तिघं तिथे गेलो: मास्तर, बाबूमिया आणि मी. दोन दगड एकटे होते, गोदाने सांगितले तसेच. मास्तरांनी पगडी उतरवून बाबूमियांकडे दिली, गुडघ्यावर बसले आणि खुरप्याने माती काढली. काळी माती, भुसभुशीत. वीतभर काढली, मग हातभर. दोन्ही दगडांच्या चारही बाजू त्यांनी बोटांनी चाळल्या. लोखंड नव्हतं. पाहायला आलेल्या पाटलाने विचारलं, "काय पाहून राहिले?"

"तुमच्या या पट्ट्यातला कापूस का वेचला नाही?" मास्तरांनी उलट विचारलं.

"वेचतो ना. पुढच्या आठवड्यात."

"मग आत्ता दोन बोंडं वेचून द्या मला."

पाटील पट्ट्याकडे दोन पावलं गेला. तिथेच उभा राहिला. मग परत फिरला आणि आमच्याकडे न बघता गावाकडे चालू लागला.

मास्तरांनी माती पुन्हा ढकलली, दगड होते तसे बसवले. उठताना त्यांनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. "माती गार आहे," ते म्हणाले. वर ऊन असं होतं की कुत्रं सावलीतून उठत नव्हतं. बाबूमिया पुटपुटले, "लेकरायनं नेल्या." मास्तर नेहमी असल्या बोलण्यावर चिडायचे. तेव्हा चिडले नाहीत.

कॅम्पात येऊन त्यांनी माझं फील्डबुक मागितलं. त्या पट्ट्याभोवती पेन्सिलीने रेघ काढून घेतली आणि मला लिहायला सांगितलं: पोटखराबा, मुलांची दफनभूमी, लागवडीस बंद. पोटखराबा म्हणजे शेताच्या आत असूनही शेत नसलेली जमीन. एकदा कागदावर ते आलं की तिथे नांगर घालता येत नाही. चेनच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: रिंगा झिजून गळाल्या. माझ्या चार खोट्या खुणांमागोमाग त्यांची ही एक खोटी ओळ. त्यांनी मला त्या खुणांसाठी चांगलं झापलं, आणि क्लासात शेवटचा नंबर देऊन पास केलं.

नेमणूक अमरावतीला मिळाली. राजापेठेकडे बिऱ्हाड केलं. वडील पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत, नंतर कापसाचा भाव बसला तेव्हा आपणहून बोलायला आले. धोंडी वाढली, लग्न होऊन सासरी गेली, तिची मुलं माझ्या अंगाखांद्यावर खेळतात. त्या गावचा पट्टा अजून खराबा आहे, मी पुढच्या फेरमोजणीत मुद्दाम पाहिला.

एक गोष्ट मी गोदाला फार वर्षं विचारली नव्हती. पेन्शन झाल्यावर एके दिवशी विचारली. "तू त्या रिंगा किती खोल पुरल्या होत्यास? मास्तरांनी हातभर उकरलं."

ती ज्वारी निवडत होती. "पुरल्या नव्हत्या मी," ती म्हणाली. "एकेका दिवशी एकेकाच्या हातात देल्ल्या. हात पुढं आले, मी देल्ल्या."

"मग तेव्हा ठेवल्या असं काहून सांगितलं?"

"तुमची परीक्षा होती. भ्याले असते तुमी, मंग आकडे चुकले असते."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. नव्याने खात्यात येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो: चेन रोज सकाळी तपासावी, स्वतः तपासावी, आणि कमी भरली तर आधी घरी विचारावं.